भरावाचा काठ

मी तलाव बोलतोय. माझ्याकडून स्वागताची अपेक्षा ठेवू नका. लोक माझ्या काठावर येतात, गाडीतून घडीच्या खुर्च्या काढतात, पाय लांब करतात आणि एकमेकांना सांगतात की देवानं काय जागा निर्माण केली आहे. देवाचा इथं काही संबंध नाही. मला माणसांनी खणलं, माणसांनी भरलं आणि माणसांनीच नाव दिलं. यांतलं काहीही मला विचारून केलेलं नाही.

लाइप्झिगहून लहान आगगाडी निघाली की बिटाची सपाट शेतं लागतात, मग पवनचक्क्या, आणि मग एका बुटक्या टेकडीवर ट्रेबेनाऊ हे शहर दिसतं. शहर म्हणायचं ते केवळ जुन्या सनदेमुळं. चर्चचा हिरवट पडलेला कळस, बंद पडलेली वीटभट्टी, फरसबंदी चौक, दोन बेकऱ्या आणि उताराला काँक्रीटचे तयार तक्ते जोडून उभारलेल्या इमारती. त्यांना प्लाटेनबाऊ म्हणतात. टेकडीच्या उत्तरेला मी पसरलो आहे. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही, एवढा मी मोठा आहे.

माझ्या जागी पूर्वी पेर्शविट्झ नावाचं गाव होतं. गावातून एक ओढा वाहायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना चेरीची झाडं होती. जमीन काळी, सुपीक. पण तिच्याखाली तपकिरी कोळशाचा जाड थर होता, आणि ज्या जमिनीच्या पोटात असं काही असतं तिच्यावर माणसं फार काळ सुखानं राहत नाहीत.

तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते आणि हा तुकडा कोळशावर जगत होता. दिवे कोळशावर, कारखाने कोळशावर, घरातल्या भट्ट्याही कोळशावर. खाण दरवर्षी पुढं सरकत सरकत गावाच्या वेशीला आली. मग लोकांना सांगितलं गेलं की देशाला तुमच्या गावाची गरज आहे. स्मशानातली हाडं उचलून दुसरीकडं नेली. चर्च सुरुंगानं पाडलं. माणसांना टेकडीखालच्या प्लाटेनबाऊमध्ये खोल्या मिळाल्या. तिथं नळाला गरम पाणी येत होतं, त्यामुळं काहीजण खूशही झाले.

रेनाटे रोझलर नावाची बाई त्यांच्यातच होती. लग्न होऊन ती पेर्शविट्झमध्ये आली होती. तिचा नवरा डीटर खाणीतल्या, जमीन खणणाऱ्या राक्षसी चाकाच्या यंत्रावर काम करायचा. ज्या पाळीत त्यांचं स्वतःचं घर आलं त्या पाळीला डीटर कामावरच होता. साहेबानं त्याला सुट्टी देऊ केली होती, पण तो म्हणाला, परक्यानं पाडण्यापेक्षा मीच असलेला बरा. त्या दिवसानंतर रेनाटे पुष्कळ दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढं बोलायला लागली, पण त्या विषयावर कधीच नाही. डीटर मेला तरी नाही.

मग बर्लिनची भिंत पडली, दोन तुकडे एक झाले आणि खाण बंद पडली. जिच्यासाठी गाव खणलं ती खाण गावानंतर दहा वर्षंही चालली नाही. ट्रेबेनाऊची तरुण मुलं कामासाठी पश्चिमेला निघून गेली. राहिलेली माणसं चौकात बिअर घेऊन बसायची आणि खड्ड्याकडं पाठ करायची. तो खड्डा म्हणजे मी. पंप थांबले तसं माझ्या तळाला पाणी पाझरू लागलं. नंतर नदीचं पाणी जाड नळांमधून माझ्यात सोडलं.

सुरुवातीला मी लाल होतो, गंजासारखा. माझं पाणी इतकं आंबट होतं की त्यात मासा जगत नव्हता. होड्यांतून माझ्यावर चुना फवारला, वर्षानुवर्षं फवारला, तेव्हा कुठं मी निळा दिसू लागलो. त्या दिवशी ट्रेबेनाऊच्या बुर्गरमाइस्टरनं म्हणजे नगराध्यक्षानं फीत कापली, बँड वाजला आणि मला नाव दिलं: पेर्शविट्झर झे, पेर्शविट्झचा तलाव. ज्याला मारलं त्याचंच नाव बारशाला ठेवायचं, ही माणसांची जुनी खोड आहे.

त्यानंतर माझा वापर सुरू झाला. दक्षिणेच्या काठावर फरसबंद वाट केली, आइस्क्रीमची टपरी आली, शिडाच्या होड्यांसाठी धक्का आला. सकाळी लवकर येऊन गवतावर टॉवेल पसरून ठेवायचा आणि मग घरी नाश्त्याला जायचं, म्हणजे जागा आपली झाली. कुत्र्याला दोरी नसली की शेजारी ओरडणार, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याला असली तरी ओरडणार. मासे पकडून पुन्हा पाण्यात सोडणारी माणसंही मी पाहिली. माशाला छळण्यात त्यांना कसली विश्रांती मिळते, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण आता महत्त्वाचं सांगतो. माझे दोन काठ सारखे नाहीत. दक्षिणेचा, शहराकडचा काठ मूळ जमिनीचा आहे, घट्ट, हजारो वर्षं बसलेला. उत्तरेचा काठ भरावाचा आहे. कोळसा काढताना वरची जी वाळू आणि माती उपसली, ती यंत्रांनी मागं फेकत नेली. त्या फेकलेल्या मातीचाच तो काठ आहे. ती माती फेकताना कुणी चोपली नाही. वरून गवत उगवलं, बर्चची झाडं उगवली, ससे आले, पण आत कण कणाला नुसता टेकून उभा आहे. त्यात माझं पाणी वर चढलं की कण एकमेकांना सोडतात, आणि डोंगराएवढी माती पातळ पिठल्यासारखी वाहते. त्याला आवाजाची पूर्वसूचना नसते.

त्या भरावावरच वसाहत झाली. आधी तपासण्या झाल्या, वजनं आपटून माती दाबली गेली, त्या वेळी ते पुरेसं वाटलं. पेर्शविट्झच्या विस्थापितांना भूखंड आधी मिळाले. बरेचसे मरून गेले होते. रेनाटेनं मात्र घेतला, आणि बुटकं, पांढरं घर बांधलं, अगदी शेवटच्या रांगेत, माझ्या तोंडावर. तिच्या खिडकीतून जिथं पाणी दिसतं तिथं खाली कधीकाळी तिचं अंगण होतं. ती माझ्याकडं प्रेमानं पाहायची असं समजू नका. माझ्याकडं पाहून ती पडदा ओढायची. तरीही तिला तिथंच राहायचं होतं.

ट्रेबेनाऊमध्ये परदेशी माणसं आली ती अलीकडं. लाइप्झिगमधली भाडी वाढली, तसे मोटारींच्या कारखान्यांतले इंजिनिअर गाडीनं येण्याजाण्याच्या अंतरावर घरं शोधू लागले. त्यांच्यामागून अरुंधती मोहिते आली. ती मूळची साताऱ्याची. कार्ल्सरूहेच्या मोठ्या विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकली होती, आणि जुन्या खाणींची जमीन सांभाळणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली होती. तिचा नवरा गुरुदत्त फ्रँकफर्टच्या एका बँकेचं सॉफ्टवेअरचं काम घरून करायचा. मुलगी कौमुदी बारा वर्षांची. आईवडील मराठीत विचारायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

ते प्लाटेनबाऊच्या तिसऱ्या मजल्यावर राहू लागले. जिन्यात फोडणीचा वास येतो म्हणून खालच्या बिऱ्हाडानं तक्रार केली. रविवारी दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे शांततेच्या वेळेत, कौमुदीनं जिन्यात चेंडू आपटला म्हणून दुसऱ्यानं केली. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काहीतरी चुकीचं टाकलं म्हणून ती पिशवी त्यांच्या दारात परत आणून ठेवली गेली. ट्रेबेनाऊमध्ये वैर असंच बारीक बारीक येतं, रिमझिमीसारखं. छत्री उघडावी इतकं नसतं, पण माणूस भिजतोच.

अरुंधतीला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. बाकीचे लोक काठावर आले की माझ्याकडं बघायचे. ती पायाखाली बघायची. तिनं माती हातात घेतली, बोटांत चुरडली, वास घेतला, आणि मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत कौतुकाचा लवलेश नव्हता. पोलीस घराबाहेर उभ्या माणसाकडं जसा बघतो, तसं तिनं पाहिलं. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली खरी शत्रू.

तिनं उत्तर काठावर जमिनीत खोल नळ्या उतरवल्या आणि त्यांतून माझं पाणी मातीत किती वर चढलं आहे ते ती पाहू लागली. मला ते आवडलं नाही. अंगात कुणी सुया टोचून ठेवाव्यात तसं वाटायचं. ती दर आठवड्याला यायची, पाऊस असो की बर्फ. मी काय करतो आहे, हे फक्त तिलाच विचारावंसं वाटत होतं.

आधी काही वर्षं कोरडी गेली होती, मी खाली उतरलो होतो. मग एक हिवाळा असा आला की बर्फ पडायच्या ऐवजी पाऊसच पडत राहिला. शेतं तुंबली. जमिनीखालचं पाणी चहूबाजूंनी माझ्याकडं निघालं. मी चढलो. भरावात शिरलो. कणांच्या मधल्या जागा एकेक करून माझ्या ताब्यात आल्या. मला त्यात आनंद झाला का? झाला. माझ्यावर बांधलेल्या गोष्टी मला कधीच आवडल्या नव्हत्या.

अरुंधतीनं कंपनीत सांगितलं की उत्तर काठ बंद करावा आणि शेवटच्या रांगेतली घरं रिकामी करावीत. साहेबानं तिला विचारलं, खात्री आहे का? ती म्हणाली, खात्री कुणालाच नसते, पण माझी मुलगी मी त्या घरात झोपवणार नाही. साहेब भला माणूस होता. त्यानं वर कळवलं, आणि बंदीचा हुकूम निघायच्या आधी लोकांशी बोलायचं ठरलं.

सभा अग्निशमन दलाच्या शेडमध्ये झाली. बंबाची गाडी बाहेर काढून आत बाकं टाकली होती. त्या उन्हाळ्यात शहराचा मोठा उत्सव उत्तर काठावर व्हायचा होता, तंबू ठरले होते, हॉटेलांची आरक्षणं झाली होती. बुर्गरमाइस्टर पोल हा उंच, गोड बोलणारा गृहस्थ. तो म्हणाला, आल्झो, म्हणजे बरं तर, घाबरायचं कारण नाही, कंपनीच्या ताईंचं म्हणणं ऐकून घेऊ या. 'ताई' शब्द त्यानं असा उच्चारला की पाचपन्नास लोक हसले.

अरुंधतीनं एका काचेच्या उभ्या भांड्यात वाळू आणली होती. वाळूवर एक छोटा दगड ठेवला. खालच्या नळीतून पाणी सोडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिनं भांड्याला बोटानं टिचकी मारली आणि दगड एकदम खाली गेला, जणू खाली वाळू नव्हतीच.

मग मागून एकजण म्हणाला की भांड्यात काहीही करून दाखवता येतं. दुसरा म्हणाला, तिच्या देशात दर पावसाळ्यात पूल पडतात आणि ती आम्हाला जमीन शिकवते. त्यावर टाळ्या पडल्या. गुरुदत्त शेवटच्या बाकावर बसला होता, तो उठू लागला, तेव्हा अरुंधतीनं दुरूनच मान हलवून त्याला बसायला सांगितलं. ती म्हणाली की पूल पडतात हे खरं आहे, आणि प्रत्येक पुलाच्या आधी कुणीतरी सांगितलेलं असतं हेही खरं आहे.

शेवटी रेनाटे उठली. काठी टेकत पुढं आली. शेडमध्ये तिच्याविषयी आदर होता. ती अरुंधतीला म्हणाली, "मला एकदा उठवलंय. त्या वेळी उठवायला आलेली माणसं निदान आमची होती."

अरुंधतीनं आपलं काचेचं भांडं उचललं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी रेनाटेनं मला जिंकून दिलं होतं.

तरी हुकूम निघाला. काठावर कुंपण आलं, जिवाला धोका असल्याची पिवळी पाटी आली, उत्सव रद्द झाला. शेवटच्या रांगेतल्या कुटुंबांना घरं सोडायला सांगितलं. हुकमावर वरच्या अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, पण ट्रेबेनाऊच्या लेखी तो एका बाईनं काढला होता. बेकरीतली मुलगी तिला शेवटपर्यंत थांबवून ठेवू लागली. तिच्या गाडीवर किल्लीनं ओरखडे ओढले गेले. एका सकाळी त्यांच्या दारात मेलेले मासे पडलेले होते. ते माझेच होते. अरुंधतीनं ते वर्तमानपत्रात गुंडाळले, फरशी पुसली आणि कामाला गेली.

कौमुदीची एकुलती एक मैत्रीण शेवटच्या रांगेत राहायची. तिनं बोलणं सोडलं. कौमुदी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आईला जर्मनमध्ये म्हणाली की तुला सगळ्यांचा द्वेषच हवा आहे. अरुंधतीनं मराठीत विचारलं, जेवतेस का? पोरीनं दार लावून घेतलं.

गुरुदत्तचं म्हणणं सरळ होतं. त्याला फ्रँकफर्टच्या ऑफिसातून केव्हापासून बोलावणं होतं. तिथं मराठी घरं होती, गणपती होता, मुलीला शाळेत चार तरी सावळे चेहरे दिसले असते. दोघं संध्याकाळी माझ्या दक्षिण काठावरून चालत होती तेव्हा तो म्हणाला, "हे लोक आपले कोण लागतात, अरु? तू सांगितलंस, झालं. आता ते आणि त्यांचा तलाव."

"त्या म्हाताऱ्या बाई अजून घरातच आहेत," ती म्हणाली.

"आणि नाही कोसळलं तर? जन्मभर हसतील तुला."

"नाही कोसळलं तर मीही हसेन त्यांच्याबरोबर."

तो तिच्या बाजूचा होता, पण थकलेला होता. माणसाला दमवायला मोठी संकटं लागत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

रेनाटे खरंच निघत नव्हती. बाकीची घरं रिकामी झाली, तिच्या खिडकीतला दिवा तेवढा लागायचा. अधिकारी येऊन गेले, पाद्री येऊन गेला. तिचा मुलगा स्टुटगार्टला होता, तो फोनवर म्हणायचा पुढच्या आठवड्यात येतो. शहरातली माणसं तिच्यासाठी केक आणायची, तिचा हात दाबायची, हटू नका म्हणायची, आणि आपापल्या घट्ट जमिनीवरच्या घरी परत जायची. तिच्या हट्टावर त्यांचा अभिमान उभा होता. तिच्याजवळ राहायला मात्र कुणी आलं नाही.

अरुंधती रोज दार वाजवायची. दार उघडायचं नाही. मग ती अंगणातल्या बाकावर थोडा वेळ बसायची आणि जायची. एक दिवस तिला गवतात फट दिसली. बारीक, बोट जाईल एवढी, घराच्या आणि माझ्या मधून गेलेली. ती गुडघ्यावर बसली, फटीवर हात ठेवला. मी खालूनच तिचा हात ओळखला. तिचा चेहरा उतरला होता आणि मला फार बरं वाटलं.

ती उठली आणि या वेळी दार न वाजवता थेट खिडकीपाशी गेली. रेनाटे पडद्यामागं उभीच होती. तिनं खिडकी उघडली.

"तुम्हाला माझं बोलणं पटवत बसत नाही," अरुंधती म्हणाली. "पण आज निघा. आजच."

"सामानाची गाडी मुलगा पुढच्या आठवड्यात आणतो म्हणालाय."

"मी नेते सामान."

रेनाटे तिच्याकडं बघत राहिली. "आणि काही पडलं नाही तर?"

"तर मी सगळं परत आणून लावीन. होतं तसं."

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः."

रेनाटेनं दार उघडलं. ती बाई विनवण्यांनी हलली नसती. ती हलली ती या रागीट सौद्यानं, कारण यात निदान परतीची वाट होती. डीटरनं तिला ती कधी दिली नव्हती.

अरुंधतीनं गुरुदत्तला फोन केला. तो तिच्या कंपनीची माल वाहायची गाडी घेऊन आला, कौमुदीलाही बरोबर घेऊन आला कारण तिला एकटीला घरी ठेवायचं नव्हतं. शहरात बातमी पसरली तसे काही लोक कुंपणाबाहेर येऊन उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही, पण कुणी आतही आलं नाही. तिघांनी कपाट काढलं, खुर्च्या काढल्या, भांडी काढली. दुहेरी पलंग ओक लाकडाचा, फार जड. तो दारातून निघेना, तेव्हा गुरुदत्तनं त्याचे पाय सोडवले आणि नवराबायकोनं तो सांगाडा दोन्ही टोकांना धरून उताराच्या वाटेनं वर नेला. अरुंधतीची बोटं दारात चेमटली. तिनं ओठ दाबला आणि पलंग खाली ठेवला नाही. रेनाटे अंगणात उभी राहून सांगत होती की ते जपून, हे जपून. शेवटी तिनं घराला कुलूप लावलं, किल्ली पिशवीत टाकली आणि कौमुदीला विचारलं की मुली, तुला भूक लागली आहे का? कौमुदी म्हणाली, हो. रेनाटेनं पिशवीतून पाव काढून तिला दिला. अरुंधतीशी मात्र रेनाटे त्या दिवशी पुढं एक शब्दही बोलली नाही.

फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी धुकं होतं, बदकं माझ्या मध्यावर होती. पूर्वेला आगगाडीच्या रुळांवरून लांब मालगाडी गेली. ती रोजच जाते. त्या दिवशी तिचा थरथराट भरावापर्यंत पोचला आणि कणांनी एकमेकांना सोडलं.

मी ते कसं झालं ते तुम्हाला गोड करून सांगणार नाही. आधी कुंपणाचे खांब वाकले. मग बर्चची झाडं उभीच्या उभी माझ्याकडं चालत आली, जशी माणसं पाण्यात उतरतात तशी. त्यांच्या मागून अंगण आलं, बाक आला, रेनाटेचं स्वयंपाकघर आलं. घराचा अर्धा भाग वरच राहिला, त्याच्या भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद उघडा पडला. माझ्या अंगावरून लाट निघाली आणि दक्षिणेच्या धक्क्यावरच्या होड्या एकमेकींवर आपटल्या. मग बुडबुडे. मग चिखल. पुन्हा मी लाल झालो.

माणूस एकही मेला नाही. एक कुत्रासुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल की आता शहर अरुंधतीच्या पाया पडलं. शहराला तुम्ही ओळखत नाही. माणसं मेली असती तर त्यांना तिचं म्हणणं पटलं असतं. कुणी मेलं नाही, म्हणून ते म्हणू लागले की एवढं काही झालं नाही. थोडा काठ गेला. आणि मग सगळा तलाव बंद केला गेला, दक्षिण काठसुद्धा, तपासणी होईपर्यंत. आइस्क्रीमची टपरी उठली, होड्या गेल्या, उन्हाळ्यात चौक रिकामा. तेव्हा ते म्हणाले की त्या बाईच्या नळ्यांमुळंच माती हलली. पोलनं तसं म्हटलं नाही. तो फक्त म्हणाला की सगळ्या शक्यता तपासल्या पाहिजेत. गोड माणसं असंच करतात.

रेनाटेला प्लाटेनबाऊमध्येच खोली मिळाली, अरुंधतीच्याच जिन्यात, खालच्या मजल्यावर. चाळीस वर्षांपूर्वी तिला याच इमारतीत आणून टाकलं होतं. अरुंधती तिला भेटायला गेली, तेव्हा तिनं साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि म्हणाली, "तुमचं खरं ठरलं. त्यानं मला तुमच्याविषयी बरं वाटत नाही." अरुंधती म्हणाली की तसं वाटायला हवं असं तिचंही म्हणणं नाही. दार लागलं.

पुढं उन्हाळ्यात एक दिवस टपरीवाला, ज्याचा धंदा बुडाला होता, जिन्याच्या तोंडाशी अरुंधतीला आडवा आला. वर्षभराचं सगळं त्यानं तिच्यावर ओतलं. तुम्ही इथं येऊन आमचं शहर मारलंत, परत जा, वगैरे. आजूबाजूच्या बाल्कन्यांमध्ये माणसं उभी होती. कौमुदी आईच्या मागं होती. तेव्हा खालच्या मजल्याचं दार उघडलं आणि रेनाटे बाहेर आली.

"माझा पलंग हिनं उचलला," ती म्हणाली. "तू तेव्हा कुंपणापाशी उभा होतास. मी पाहिलं तुला."

टपरीवाला वाटेतून बाजूला झाला. रेनाटे अरुंधतीकडं न बघता आत गेली. बाल्कन्यांमधली माणसंही एकेक करून आत गेली. कौमुदीनं आईचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "चल ना आई, वर जाऊ." ती इतकी वर्षं जर्मनमध्ये बोलणारी मुलगी. पण हे मला वाऱ्यावर ऐकू आलं म्हणून सांगतो, मला त्याचं काही नाही.

शाळेचं वर्ष संपल्यावर मोहिते फ्रँकफर्टला गेले. अरुंधतीनं तिथं दुसरी नोकरी धरली. जायच्या आधी ती एकदा कुंपणाजवळ आली आणि बराच वेळ उभी राहिली. आम्हाला एकमेकांविषयी शंका उरलेली नव्हती. मला कुणाची आठवण येत असती तर तिची आली असती.

आज मी असा आहे. माझ्या भोवती सगळीकडं कुंपण आहे. उत्तरेला रेनाटेचं अर्धं घर पाडून टाकलं आहे. पाणी पुन्हा हळूहळू निळं होत चाललं आहे आणि चौकात पुन्हा उत्सवाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. मला सुंदर म्हणू नका, आणि मला सुंदर म्हणणाऱ्याच्या हातात माझा काठ देऊ नका. माझ्यावर जो चिडतो, जो माझ्याकडं संशयानं बघतो, त्यालाच माझ्याजवळ राहू द्या. हे मी तुमच्या भल्यासाठी सांगत नाही. मला शत्रूची सवय झाली आहे, आणि नुसती कौतुकं ऐकून माणसांविषयीचा माझा उरलासुरला मानही जातो.

अरुंधतीच्या जागी कंपनीनं एक तरुण नेमला आहे. पहिल्या दिवशी तो कुंपणाचं दार उघडून आत आला, उत्तर काठाच्या अगदी टोकाला गेला. ऊन पडलं होतं, हंस होते. त्यानं खिशातून फोन काढला आणि माझा फोटो घेतला. छान आला असणार. मी त्या दिवशी अगदी स्तब्ध होतो.